‘फक्त सांध्यांच्या तक्रारी सांगा’ ही सूचना मागे घ्या

प्रति,
दाहक संधिवाताच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर आणि त्यांच्या ओपीडीचे नियम ठरवणारे व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी संधिवातासाठी ज्या ओपीडीत जाते, तिथे दारावर हल्ली एक छापील सूचना लागली आहे : ‘तपासणीच्या वेळी रुग्णांनी फक्त सांध्यांच्या तक्रारी सांगाव्यात. थकवा, धाप लागणे, रक्त कमी असणे इत्यादी तक्रारींसाठी आपल्या फॅमिली डॉक्टरांना भेटावे.’ ती लावणाऱ्यांच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. बाहेर बाकांवर जागा नसते, आत एकेकाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात, आणि त्यात कुणी पित्तापासून पाठीपर्यंत सगळं सांगत बसलं की मागच्यांचा खोळंबा होतो, हे मी दर वेळी बघते. तरीही ही सूचना चुकीची आहे. धाप लागणं आणि रक्त कमी असणं हे बऱ्याचदा संधिवातामुळेच होतं, किंवा त्याच्या औषधांमुळे. आणि कधी कधी ते सुजलेल्या सांध्यापेक्षा जास्त तातडीचं असतं.

हे पत्र त्या एका ओपीडीला पाठवून गप्प बसता आलं असतं. जाहीरपणे लिहिते आहे, कारण अशी पाटी न लावताही हाच नियम पाळणारी ठिकाणं खूप आहेत. माझ्यासारख्या रुग्णांशी बोलताना ते सारखं कानावर येतं.

मला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, होऊन बरीच वर्षं झाली. मनगटं, बोटांची पेरं, गुडघे, पावलं असा सगळीकडे फिरून तो आता औषधांनी बराच आटोक्यात आहे. हिमोग्लोबिन (दर १०० मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम, तो आकडा) मात्र दीर्घकाळ आठ-साडेआठच्या पुढे सरकत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे गरोदर नसलेल्या प्रौढ बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात. दाहक संधिवातात हा अपवाद नाही, वेगवेगळ्या पाहण्यांत तो ३० टक्क्यांहून अधिक रुग्णांमध्ये आढळलेला आहे.

हे दोन्ही एकत्र आलं की दिवस कसा जातो ते सांगते, कारण तपासणीच्या टेबलावर ते दिसत नाही. जिना चढताना अर्ध्यावर थांबावं लागतं. थांबलं की कठडा धरावासा वाटतो, पण त्यावर भार टाकला की मनगटातून कळ येते, आणि हात सोडला तर डोळ्यांपुढे अंधारी येते. मग पाठ भिंतीला टेकवून उभं राहायचं आणि कानांत धडधडणारे ठोके निवळायची वाट बघायची. केस धुताना हात डोक्याच्या वर धरले की खांदे दुखायच्या आधी दम संपतो. फोनवर जरा लांब वाक्य बोलले की मधेच श्वास घ्यावा लागतो आणि पलीकडच्याला वाटतं, मी रडतेय. सकाळी सांधे आखडलेले असतात म्हणून उठवत नाही, दुपारी अंगात त्राण नसतं म्हणून उठवत नाही. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, आणि घरातही ‘आज जरा जास्तच दुखतंय वाटतं’ एवढ्यावर विषय मिटतो.

एक गोष्ट डॉक्टरांनी विशेष लक्षात घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. सांधे दुखत असले की धाप लपून राहते. ‘चालताना दम लागतो का?’ असं कुणी विचारलं असतं तर मी ‘नाही’ म्हणाले असते, आणि ते खरंच होतं. दम लागेल इतकं मी चालतच नव्हते, त्याआधी गुडघेच मला खाली बसवत होते. पुढे नवीन औषध लागू पडलं, गुडघ्यांची सूज उतरली, चालणं वाढलं, आणि तेव्हा धाप उघडी पडली. नेमक्या त्याच काळात कागदावर माझा संधिवात ‘उत्तम नियंत्रणात’ होता. त्यामुळे दमाबद्दल बोलले तेव्हा उत्तर मिळालं, ‘सांधे तर छान आहेत, मग आता कसला त्रास?’ म्हणून ‘चालताना’ विचारू नका. अंथरूण आवरताना, आंघोळ करताना, बोलताना, उताणं झोपल्यावर काय होतं ते विचारा. जे काम रुग्ण खरोखर करतो त्यावरून विचारलं तरच खरं उत्तर मिळेल.

आता माझ्या तक्रारी. त्या कुणा एका डॉक्टरविरुद्ध नाहीत, चालत आलेल्या पद्धतीविरुद्ध आहेत.

पहिली तक्रार तपासणीच्या कागदाबद्दल. त्यावर माणसाची आकृती असते आणि २८ सांध्यांवर गोल असतात. कुठला सांधा दुखतो, कुठला सुजला आहे ते दाबून बघून खुणा केल्या जातात. ती मोजणी, रुग्णाचा स्वतःचा अंदाज आणि ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) यांतून एक आकडा निघतो, डीएएस-२८, आणि त्यावरून औषध वाढवायचं की कमी करायचं ते ठरतं. ही पद्धत चांगली आहे, माझे हात तिनेच वाचवले. पण त्या कागदावर श्वासाला जागा नाही आणि हिमोग्लोबिनलाही नाही. शिवाय रक्त कमी असलं की ईएसआर आपोआपच वाढतो. लाल पेशी कमी असल्या की त्या नळीत लवकर खाली बसतात, म्हणून. म्हणजे माझा ईएसआर सांध्यांमुळे वाढला की ॲनिमियामुळे, हे हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय सांगताच येणार नाही. नुसते सांधे नीट बघायचे म्हटले तरी रक्ताकडे बघावं लागतं.

दुसरी तक्रार बोटाला लावायच्या त्या छोट्या यंत्राबद्दल. धाप लागते म्हटलं की पल्स ऑक्सिमीटर लावायचा, ९८ आकडा दाखवायचा आणि ‘ऑक्सिजन तर उत्तम आहे’ म्हणून घरी पाठवायचं, हे माझ्या बाबतीत पुन्हा पुन्हा झालं. पण ते यंत्र काय मोजतं? रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलं आहे, एवढंच. मुळात हिमोग्लोबिन किती आहे ते त्याला कळत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं तर सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन १४ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात साधारण १८ मिलिलिटर ऑक्सिजन असतो आणि ७ असेल तर नऊच्या आसपास. म्हणजे बरोब्बर निम्मा. पण दोघांच्याही बोटाला यंत्र लावलं तरी आकडा ९८च येईल. उरलेल्या निम्म्याची भरपाई हृदयाने जास्त ठोके देऊन करायची असते. माझी नाडी बसल्या जागी शंभराच्या पुढे होती. तो आकडा त्याच यंत्राच्या पडद्यावर, ९८ च्या शेजारीच दिसत होता, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. बोटं थंडगार पडलेली असली किंवा वाकडी होऊन क्लिप नीट बसत नसली तर खुद्द ९८ वरही विसंबता येत नाही. आमच्यापैकी अनेकांची बोटं तशीच असतात.

तिसरी तक्रार लोहाच्या गोळ्यांची, आणि यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

रक्त कमी दिसलं की गोळी लिहून द्यायची, महिन्यांमागून महिने ती चालू ठेवायची, हिमोग्लोबिन वाढलं नाही की रुग्णालाच विचारायचं, ‘गोळ्या नियमित घेता ना?’ मी घेत होते. पोट बिघडत होतं, मळमळ होत होती, तरी घेत होते. रक्त मात्र जागच्या जागी होतं. याचं कारण वैद्यकशास्त्राला माहीत आहे. सांध्यांत दाह पेटला की इंटरल्यूकिन-६ सारखी द्रव्यं वाढतात. त्यांच्या सांगण्यावरून यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त तयार करतं. पेशींतून लोह बाहेर सोडणारं एकच दार असतं, फेरोपोर्टिन. हेप्सिडिन तेच दार बंद करतं, हे संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिलं. मग आतड्यातलं लोह रक्तात येत नाही आणि जुन्या लाल पेशी मोडून साठवलेलं लोहही बाहेर पडत नाही. तिजोरी भरलेली, पण किल्ली हरवलेली. अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांतल्या रक्तपेशी तयार करणाऱ्या मगजाला, रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं आणि त्यातलं आतड्यातून येतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. बाकी सगळं जुन्या पेशींतून परत मिळतं. हे परत मिळणंच अडलं असेल तर नुसत्या गोळ्यांनी काय होणार?

आणि यात मोठा घोळ होतो तो फेरिटिनमुळे. फेरिटिन म्हणजे साठवलेल्या लोहाचा अंदाज, पण दाह असला की ते स्वतःच वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत निरोगी प्रौढाला लोहाची कमतरता ठरवण्याची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे, तर दाह किंवा जंतुसंसर्ग असलेल्या प्रौढासाठी ती ७० आहे. माझं फेरिटिन साठच्या घरात होतं. लॅबच्या कागदावर छापलेल्या मर्यादेत ते व्यवस्थित बसत होतं, शेजारी लाल खूण नव्हती, म्हणून ‘लोह भरपूर आहे’ असा निष्कर्ष निघाला आणि विषय संपला. प्रत्यक्षात दोन्ही होतं : लोह अडकलेलंही होतं आणि मुळातही कमी पडत होतं. फेरिटिनसोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते) आणि सीआरपी बघितलं असतं तर ते तेव्हाच लक्षात आलं असतं. या तपासण्या काही दुर्मीळ नाहीत. एकाच नळीतल्या रक्तावर होणाऱ्या गोष्टी आहेत, फक्त लिहून द्यायला हव्यात.

लोह अडकलं आहे ते दाहामुळे, आणि दाह कमी करणं हे तर तुमचंच काम. इंटरल्यूकिन-६ ची वाट अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबसारख्या औषधाने सांध्यांबरोबर हिमोग्लोबिनही वाढतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. मग ॲनिमिया हा तुमच्या खोलीबाहेरचा विषय कसा? फॅमिली डॉक्टर ना माझं संधिवाताचं औषध बदलू शकत, ना त्याचा डोस ठरवू शकत. ते लोहाची गोळी देतात, कारण त्यांच्या हातात तेवढंच असतं.

चौथी तक्रार दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांची. आम्ही त्या वर्षानुवर्षं घेतो, काही तुम्ही लिहून दिलेल्या, काही दुखणं असह्य झालं म्हणून स्वतःच आणलेल्या. या गोळ्यांनी जठराला जखमा होतात, त्यातून थेंब थेंब रक्त जात राहतं, सोबत स्टेरॉइड असेल तर धोका आणखी वाढतो. पोट दुखलंच पाहिजे असंही नाही. माझं दुखत नव्हतं. शौचाचा रंग काळा, डांबरासारखा होतो का, हा प्रश्न मला संधिवाताच्या ओपीडीत कधीही विचारला गेला नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होतं, त्यामुळे मीही ते औषधावर ढकलत होते, आणि या दोहोंत फरक कसा ओळखायचा हे कुणी सांगितलेलं नव्हतं. शेवटी दुसऱ्याच कारणासाठी भेटलेल्या एका फिजिशियनने विचारलं, एंडोस्कोपी करायला लावली, आणि जठरातल्या जखमा सापडल्या. जठराच्या संरक्षणासाठी जी आम्ल कमी करणारी गोळी दिली जाते ती आवश्यकच आहे, पण ती दीर्घकाळ घेतली की लोह आणि बी-१२ शोषलं जाण्यात अडथळा येऊ शकतो, हेही रुग्णाला सांगायला हवं. पाळी चालू असलेल्या बायकांना रक्तस्राव किती होतो हे विचारायला तर अर्धं मिनिटही लागत नाही.

औषधांचाच विषय निघाला आहे तर मेथोट्रेक्सेटबद्दलही. ते संधिवाताचं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे, चुकून रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जा दबते आणि जीव जाऊ शकतो. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी दुसऱ्या डॉक्टरने ट्रायमेथोप्रिम असलेलं औषध दिलं तरी तोच धोका. सल्फासलाझिनने काही जणांच्या लाल पेशी फुटतात, विशेषतः जी६पीडी हे विकर कमी असेल तर. मेथोट्रेक्सेट आणि सल्फासलाझिन तुम्हीच देता. त्यांच्यामुळे रक्त कमी झालं तर ते तुम्हाला आधी कळायला नको का?

पाचवी तक्रार सगळ्यात गंभीर आहे. धाप लागते आणि हिमोग्लोबिनही कमी आहे, म्हटल्यावर ‘रक्त कमी आहे म्हणून दम लागतो’ असं म्हणून थांबायचं, हेही घातक आहे. ओपीडीत भेटणाऱ्या एका गृहस्थांना बराच काळ हेच सांगितलं जात होतं. कोरडा खोकलाही होता. त्यांचं हिमोग्लोबिन खरोखरच कमी होतं. पण दम लागत होता तो मुख्यतः फुप्फुसांमुळे. आमवात फुप्फुसांच्या जाळीत शिरतो, तिथे सूज येते, मग ती जाळी घट्ट होत जाते. सुरुवातीला छातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ दिसू शकतो. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजी आणि अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स या संस्थांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, ज्यांना हा धोका जास्त आहे त्यांच्यासाठी फुप्फुसांच्या कार्यक्षमतेची चाचणी आणि एचआरसीटी (छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) सुचवली आहे, आणि निव्वळ एक्स-रे किंवा सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीवर चाळणी करू नये असं म्हटलं आहे. सहा मिनिटं चालण्याची चाचणी आमच्या गुडघ्यांवर काय मोजणार, हे वेगळं सांगायला नको.

खुद्द मेथोट्रेक्सेटनेही फुप्फुसांना सूज येऊ शकते : कोरडा खोकला, ताप, वाढती धाप, बहुधा पहिल्या वर्षात. फुप्फुसांभोवती किंवा हृदयाभोवती पाणी होऊ शकतं. पायात झालेली गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. आमवातात हृदयविकाराचा धोका सुमारे दीडपट धरला जातो, आणि कमी रक्तावर आधीच धावणाऱ्या हृदयाचं काय होत असेल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. स्वरयंत्रातही सांधे असतात, तेही सुजतात. आवाज बसला आणि श्वास घेताना घुसमट झाली तर तो घसा धरल्याचा प्रकार नसेलही.

माझ्या फुप्फुसांची चाचणी झाली तेव्हा डीएलसीओ हा आकडा बराच खाली आला आणि मी हादरले. फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो ते त्यावरून कळतं. तंत्रज्ञाने शांतपणे विचारलं, ‘ताजं हिमोग्लोबिन किती आहे?’ मी रिपोर्ट दिला, त्यांनी ते यंत्रात भरलं आणि आकडा जवळपास सामान्य झाला. रक्त कमी असलं की डीएलसीओ खोटाच कमी दिसतो, तो हिमोग्लोबिनप्रमाणे दुरुस्त करून वाचावा लागतो. ते हिमोग्लोबिन विचारलं गेलं नसतं तर नसलेल्या आजाराची भीती घेऊन मी घरी गेले असते. रक्त आणि श्वास वेगवेगळ्या खोल्यांत तपासले की दोन्हीकडे चूक होते, ती अशी.

‘वजन कमी करा’, ‘वयानुसार होतंच’, ‘टेन्शन घेऊ नका’ या वाक्यांबद्दल फार लिहीत नाही. ती खरी असतीलही, पण सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, बघण्याआधी ती उच्चारू नयेत.

आणि शेवटची तक्रार टोलवाटोलवीची. संधिवाताचे डॉक्टर म्हणतात फिजिशियनकडे जा, फिजिशियन म्हणतात रक्ताच्या तज्ज्ञाकडे, ते म्हणतात हा संधिवाताचा ॲनिमिया आहे, मूळ आजार बघा. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो. दरम्यान एक दमलेलं माणूस, सुजलेल्या हातात फायलींचं ओझं घेऊन, तीन दारं चढत-उतरत असतं. ज्याला धाप लागते त्यालाच सगळ्यात जास्त चालायला लावणारी ही व्यवस्था आहे, आणि नवी सूचना तिच्यावर शिक्का मारते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

दारावरची ती सूचना काढून टाका. वेळ कमी असेल तर बोलणं आटोपशीर ठेवा असं जरूर लिहा, आम्ही ते पाळू. पण कोणती लक्षणं सांगायची नाहीत, हे रुग्णाला सांगू नका. कोणतं लक्षण कशाचं आहे हे त्याला ठरवता आलं असतं तर तो तुमच्याकडे आलाच नसता.

तपासणीच्या कागदावर सांध्यांच्या आकृतीखाली ताजं हिमोग्लोबिन, मागच्या वेळचं हिमोग्लोबिन आणि श्वासाबद्दल एक प्रश्न यांना जागा द्या. आकडा एकटा नको, त्याची दिशा दिसायला हवी. साडेअकरावरून साडेनऊवर आलेली बाई आणि गेली काही वर्षं साडेनऊवरच असलेली बाई यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेथोट्रेक्सेटसाठी आमची सीबीसी नियमित होतेच, ती नुसती पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बघून बाजूला ठेवू नका.

हिमोग्लोबिन कमी आढळलं तर लोहाची गोळी लिहिण्याआधी कारण शोधा. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार), फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, सोबत सीआरपी, बी-१२, फॉलिक ॲसिड, मूत्रपिंडाची तपासणी, गरज असेल तर शौचातलं रक्त. लाल पेशी लहान आहेत पण लोह पुरेसं आहे, असं असेल तर थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा, विचार व्हावा. दोन कारणं एकत्र असू शकतात, हे गृहीत धरूनच शोधा. गोळीने ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही तर रुग्णाला बोल न लावता शिरेतून लोह देण्याचा विचार वेळेवर व्हावा. मला ते मिळाल्यावर, आणि दुखण्याची गोळी बदलून जठर भरून आल्यावर, हिमोग्लोबिन पहिल्यांदा अकराच्या पुढे गेलं. जिन्यावर अजूनही थांबावं लागतं, पण अर्ध्यावर नाही.

नव्याने लागलेली किंवा वाढलेली धाप ही त्याच दिवशी बघायची गोष्ट माना. छाती स्टेथोस्कोपने ऐका, पाठीमागून, खालपर्यंत. नाडी मोजा. बोटाच्या यंत्रावर थांबू नका. फुप्फुसं, हृदय आणि रक्त या तिन्हींचा विचार झाल्याची नोंद कागदावर असू द्या, म्हणजे पुढच्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

दुखण्याच्या गोळ्या आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या प्रत्येकाला धोक्याची लक्षणं लिहिलेला एक कागद द्या, त्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत. हे पत्र वाचणाऱ्या रुग्णांसाठी ती इथेही लिहून ठेवते. काळं, चिकट, दुर्गंधी असलेलं शौच, रक्ताची उलटी, बसल्या जागी लागणारी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, एकाच पायाला अचानक आलेली सूज, मेथोट्रेक्सेट चालू असताना कोरडा खोकला आणि ताप, किंवा तोंडात एकदम आलेले फोड. यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, तातडीच्या विभागात जा आणि कोणकोणती औषधं घेता ते सांगा. आणि हे वाचून घाबरून आपली औषधं मनाने बंद करू नका. आटोक्यात नसलेला दाह हेच आपल्या ॲनिमियाचं एक मोठं कारण आहे.

शेवटची मागणी जबाबदारीची आहे. संधिवाताच्या रुग्णाच्या ॲनिमियाचा पाठपुरावा कोण करणार, त्या डॉक्टरचं नाव फाईलवर लिहा. ते संधिवाताचे डॉक्टरच असले पाहिजेत असा माझा हट्ट नाही. फिजिशियन असतील तरी चालेल, पण त्यांनी आणि तुम्ही एकमेकांशी बोललं पाहिजे. आज ते बोलणं रुग्णाला करावं लागतं, निरोप्यासारखं, अर्धवट कळलेल्या शब्दांत.

व्यवस्थापकांना वेगळं सांगते : हे सगळं डॉक्टरांच्या चांगुलपणावर सोडू नका. फुप्फुसाच्या चाचणीची आणि रक्ततपासणीची वेळ संधिवाताच्या तारखेला जोडून मिळावी, आणि धाप लागणाऱ्याला चाकाची खुर्ची मागावी लागू नये, ती दाराशीच असावी. एवढं तुमच्या हातात आहे.

यातल्या एखाद्या मागणीत वैद्यकीय अडचण असेल, ती चुकीची असेल किंवा सगळ्यांना लागू करणं शक्य नसेल, तर तसं जाहीरपणे आणि कारणांसह सांगा. आम्ही ऐकून घेऊ, आणि पुन्हा विचारू.

आपली,
दाहक संधिवात आणि ॲनिमिया असलेली एक रुग्ण